कोरियन 'उरी': आमचा की आपला?

भेळपाणी: कोरियन शिकतेय. सरावासाठी जेटीबीसी या कोरियन वाहिनीच्या 'बीजंगसांग ह्वेदाम' या गप्पांच्या कार्यक्रमाला (२०१४) मराठी सबटायटल्स करतेय. नावातच कोटी: 'जंगसांग' म्हणजे शिखर परिषदेतलं शिखर आणि 'नॉर्मल'सुद्धा. देशोदेशीचे तरुण टेबलाभोवती बसून कोरियनमध्येच भांडतात. कोरियन सूत्रधार 'उरी नारा' म्हणतो, तिथे अडलेय. 'आमच्या देशात' की 'आपल्या'? 'आपल्या' लिहिलं की समोरचा परदेशी आत येतो, 'आमच्या' लिहिलं की दाराबाहेर. कोरियनला एकच 'उरी' पुरतो.

चष्मा_हरवला: आमच्या. पाहुण्यांशी बोलतोय ना.

तिरपागडा: त्यातले कित्येक तिथेच राहतात, नोकऱ्या करतात. पाहुणे कसले? शिवाय कोरियन बायका नवऱ्यालाही 'उरी नाम्प्योन' म्हणतात. आमचा नवरा!

ओसरी: मग आपलं 'आमचे हे' काय वेगळं?

जुनी_वही: 'उरी' म्हणजे तमिळ 'ऊर', गाव. तमिळसारखे कोरियनमध्ये 'अप्पा'पण (वडील) आहेत, लिहून ठेवा.

तिरपागडा: अप्पा आमच्या गल्लीतही तीन आहेत. 'आपण' तर 'आत्मन्'वरून, प्राकृत 'अप्पण'मार्गे आला. उद्या तोही मदुराईला न्याल.

शुद्धमती: 'सबटायटल्स'ला 'उपशीर्षके' शब्द आहे.

जुनी_वही: उपशीर्षक म्हणजे मथळ्याखालचा छोटा मथळा. 'तळओळी' म्हणा.

शुद्धमती: कोण म्हणतं तळओळी?

ओसरी: ईबीएस या कोरियन वाहिनीवर कोरियन सासू आणि परदेशी सून असा एक कार्यक्रम २०१३पासून लागायचा, तो बघा. माझ्या सासूबाई सोलापूरच्या. तीन वर्षं 'आमच्यात भेंडीला कूट लागतं' ऐकलं. चौथ्या वर्षी माझ्या हातातला डबा बघून म्हणाल्या, 'अगं, आपल्यात जाडसर असतं.' मी डबा धरून तशीच उभी. सूत्रधारानं त्या पोरांना कुठवर आत घेतलंय, ते वाक्यागणिक बघा.

तिरपागडा: 'दामुनह्वा' म्हणजे बहुसंस्कृती. २००८च्या बहुसांस्कृतिक कुटुंबांच्या कायद्यात तो आला आणि पुढे मिश्र घरातल्या मुलांवरचा शिक्काच झाला. तसलं पोर वर्गात 'उरी नारा' म्हणालं, तर 'आमचा' लिहायची हिंमत आहे कुणाची?

भेळपाणी: तूर्त 'कोरियात' लिहून सुटले.

शुद्धमती: सुटलात कसल्या, शब्दच गाळलात.

चष्मा_हरवला: थांबा, भेंडीत कूट?

ओसरी: जाडसर.