मदत हवी आहे: टेन्शनसाठी तळपायाचे पॉइंट दाबून घेणं, शुगर असलेल्या माणसाला चालते का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, सात एकर कोरडवाहू. यंदा सोयाबीन काढायच्या टायमालेच पाऊस आला अन् शेंगांना झाडावरच कोंब फुटले, तेव्हापासून आमच्या यांची झोप उडाली. रात्री दोन वाजता उठून ओसरीत बसतात, विचारलं तर काही नाही, तू झोप म्हणतात.

बाजाराच्या दिवशी तालुक्याले एक जण बसतो, मागं तळपायाचा नकाशा टांगलेला, बोटं म्हणजे डोकं, मधला खोलगट भाग म्हणजे पोट-किडनी, टाच म्हणजे कंबर. एका बारीचे ३०० रुपये, दहा बाऱ्यांचे आधीच भरले तर २५००. यांचा मित्र जाऊन आला, त्याले त्या रात्री गाढ झोप लागली म्हणे, म्हणून हेही तयार झाले.

पण यांना सहा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या महिन्यात वावरातून आले तेव्हा पाय धुताना मला टाचेत बाभळीचा काटा दिसला, चांगला आत रुतलेला, कडेनं रक्त वाळलेलं, अन् यांना पत्ताच नाही. मी चिमट्यानं ओढून काढला तरी मलाच विचारतात, निघाला का?

त्या माणसानं शुगरचं विचारलंही नाही, वरून म्हणे हे आपलं जुनं आयुर्वेद आहे, गोळ्या हळूहळू सुटतील. मले तिथंच धाकधूक झाली. कोणी करून पाहिलं असेल, माहिती असेल तर सांगा, पैसे भरायचे थांबवून ठेवले आहेत.

उत्तर १
ताई, मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. पैसे भरू नका अन् गोळ्या तर अजिबात बंद करू देऊ नका. काटा कळला नाही म्हणजे शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, अशा पायावर अंगठ्यानं किंवा लाकडी काडीनं जोरात दाबलं तर दुखत नाही अन् आतून इजा होते, मग जखम चिघळते. आधी डॉक्टरला पाय दाखवा, ते बारीक नायलॉनचा धागा टेकवून कुठं कळतं कुठं नाही ते पाहतात. गरम पाण्यात पाय बुडवायचं कोणी सांगितलं तर तेही नको, भाजलेलं कळणार नाही. अन् एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर तिथं चोळायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते, तडक दवाखाना. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, पायाचं हाड मोडलं असेल, जखम असेल, बाई गरोदर असेल, तर आधी विचारल्याशिवाय करू नये.

आयुर्वेदाचंही खरं नाही. हे अमेरिकेत फिट्झगेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं १९१७ च्या सुमारास झोन थेरपी म्हणून मांडलं, मग १९३० च्या दशकात यूनिस इंगहॅम या बाईंनी तळपायाचे नकाशे केले. पाय चोळल्यानं अंग सैल पडतं, बरं वाटतं, झोपही लागू शकते. पण पॉइंट दाबून किडनी किंवा शुगर बरी होते याला पुरावा नाही.

उत्तर २
वहिनी, मी नागपूरला दोन-तीनदा करून घेतलं, मले आराम वाटला, पण माझे पाय धडधाकट आहेत. भाऊंना सिस्टर म्हणतात तसं आधी पाय दाखवून आणा. अन् रात्री दोनला ओसरीत बसणाऱ्या माणसाशी बोलायला कोणी पाहिजे. १४४१६ वर टेली-मानस आहे, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. माझ्या भावानं गेल्या साली फोन केला होता, मीच लावून दिला, नंबर फिरवायलाच त्याले जड जात होतं.

धागाकर्ती
सिस्टर, भाऊ, लई आभार. सोमवारी यांना घेऊन जाते. काल रात्री मीही ओसरीत जाऊन बसले, तळव्याले हलक्या हातानं खोबरेल तेल लावलं, बोटांच्या बेचक्यात नाही लावलं. बँकेच्या हप्त्याचं पहिल्यांदा बोलले. १४४१६ मोबाइलमध्ये सेव्ह केला आहे, आज जेवणं झाली की मीच लावून देते.