मदत हवी आहे: ग्रॅच्युइटी कोण देणार, कंपनी की ठेकेदार?

रात्रपाळी: चाकणला साडेपाच वर्षं एकाच लाइनवर काम केलं. आता गेटपास बंद. एचआर म्हणतात, तू आमचा नव्हतासच. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे दोनच वर्षं. ग्रॅच्युइटी मिळते की नाही एवढंच सांगा. शुक्रवारी सहीला बोलावलंय.

जोशीकाका: पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं? ट्रेनी होतास का?

रात्रपाळी: कामगार होतो हो, सगळ्यांसारखा.

वकीलीणबाई: तेवढ्यावरून काय कळणार? यूएएन म्हणजे पीएफचा नंबर टाकून पासबुक उघडा. कुणी किती महिने भरले ते दिसेल.

रात्रपाळी: पहिली दीड वर्षं कोरी, तेव्हा स्टायपेंड होता. मग एक ठेकेदार दोन वर्षं, आत्ताचा दोन.

जोशीकाका: हे आधी नाही का सांगायचं! ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शिकाऊ उमेदवार कर्मचारी धरत नाहीत. म्हणजे तुझी चारच वर्षं. पाच लागतात. नेमणूकपत्रावर मुदत लिहिलीय का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून ठरावीक मुदतीवाल्यांना वर्षभरानेही मिळते.

रात्रपाळी: पत्रच दिलं नाही.

लघुउद्योजक: कायदेच असे की कोणी कायम करत नाही. १०० कामगार झाले की नोकरकपातीला सरकारची परवानगी लागायची. आत्ता कुठे ३०० केलेत. माझ्याकडे चाळीस माणसं, सगळी ठेक्यावर.

वकीलीणबाई: चाळिसांना ते कलम कधी लागू होतं, भाऊ?

लघुउद्योजक: पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याची कटकट कोण करणार मग?

वकीलीणबाई: हां, हे खरं कारण.

कोकणकडा: पीएफ काढू नकोस रे, ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढलास तर करपात्र होतो.

रात्रपाळी: पीएफचं मी विचारलंच नाही.

मराठवाडी: माथाडी मंडळात नाव घाल.

जोशीकाका: असेंब्ली लाइनवरचा पोरगा माथाडी कसा होईल?

वकीलीणबाई: मुद्द्यावर या. ग्रॅच्युइटी अवघड आहे, पण कपातीची भरपाई वेगळी असते. वर्षात २४० दिवस भरले असतील तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ठेकेदार बदलला तरी सुपरवायझर आणि हजेरी कंपनीचीच असेल, तर ठेका नावापुरताच होता असंही मांडता येतं. सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या २००१च्या निकालात ती वाट ठेवलीय, पण पुरावा तुम्हाला द्यावा लागेल. शुक्रवारच्या कागदावर काय लिहिलंय?

रात्रपाळी: इंग्रजीत आहे. वर 'रेझिग्नेशन' दिसतंय.

वकीलीणबाई: मग सही करू नका! राजीनामा दिला की भरपाई गेली. फोटो काढा, गेटपास आणि स्लिपा जपून ठेवा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

रात्रपाळी: सही नाही केली तर अडकलेला पगार देणार नाहीत म्हणतात.

वकीलीणबाई: केलेल्या कामाचा पगार सहीवर अवलंबून नसतो. ठेकेदाराने बुडवला तर तो कंपनीने द्यायचा असतो. किती महिन्यांचा थकलाय?