सायकलचं मागे वळलेलं हँडल, पण हलकं: मागणी रास्त की हट्ट?

रुंदचाक: नॉर्थ रोड धाटणीचं, स्वाराकडे वळलेलं हँडल मनगटाला जितकं मानवतं तितकं सपाट हँडल मानवत नाही. हात सैल सोडून पुढे केले की तळवे एकमेकांकडे पाहतात. सपाट दांड्यावर ते बळंच खाली फिरवावे लागतात. लांबच्या फेरीत करंगळी बधिर होते ती बऱ्याचदा यामुळेच.

मग इतकं सोयीचं हँडल आजही बहुतेक जड आणि जुन्या २५.४ मिमी क्लॅम्पचंच (म्हणजे मधल्या, पकडीच्या भागाच्या व्यासाचं) का? सपाट कार्बन हँडल २०० ग्रॅमच्या आत येतं, वळलेलं पोलादी अर्ध्या किलोच्या पुढे जातं. नित्तो कंपनीचं अल्बाट्रॉस हँडल ॲल्युमिनियममध्ये आहे, पण क्लॅम्प २५.४चाच. ३१.८ क्लॅम्प, पन्नासेक अंश वळण आणि आजच्या दर्जाचं ॲल्युमिनियम किंवा कार्बन, एवढंच मागतोय. ताठ बसणाऱ्याला वजनाशी काय घेणं, हे गृहीतच मला पटत नाही. चढ त्यालाही चढायचा असतो.

पोलादपक्ष: साफ असहमत. सपाट हँडलवर तळहात क्लॅम्पच्या जवळजवळ रेषेत असतात. वळलेल्यावर ते मागे जातात, त्यामुळे हातांचा भार हँडलला स्टेममध्ये (हँडल सायकलला जोडणाऱ्या भागात) फिरवू पाहतो. हात १५ सेंमी मागे आणि भार २० किलो धरा, सुमारे ३० न्यूटन-मीटरचा पीळ झाला. खड्ड्यात तो कितीतरी वाढतो.

आता मुठीच्या भागाचा व्यास पाहा. ब्रेक लिव्हर बसायला तो २२.२ मिमीच ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. सपाट हँडलमध्ये मधला भाग जाड करून ती भरून काढतात, पण इथे वाक मुठीच्या अगदी जवळ असतो. तिथे नळीचा व्यास वाढवता येत नाही, म्हणून भिंत जाड करावी लागते. पातळ भिंतीची नळी इतकी वाकवली तर सुरकुतते किंवा चपटी होते. वाचवलेलं वजन तिथेच परत येतं. शिवाय ॲल्युमिनियम वारंवारच्या ताणाने आतून थकतं, आणि तुटतं ते एकदम. २०० ग्रॅमसाठी मी दात पणाला लावणार नाही.

रुंदचाक: पिळाचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे! क्लॅम्पची पकड व्यासाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच दाबाला ३१.८ क्लॅम्प २५.४पेक्षा पाव पट जास्त पीळ रोखतो, आणि चार बोल्टची फेसप्लेट (स्टेमची पुढची पट्टी) असेल तर दाबही नीट वाटला जातो. जुनं एक बोल्टचं स्टेम घसरतं म्हणून वळलेलं हँडल हलकं होऊच शकत नाही, हा निष्कर्ष चुकीचा.

सांधा: मधला रस्ता आहे की. जोन्स कंपनीचं एच-बार हँडल ४५ अंश वळलेलं आहे. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, कार्बन तिन्हींत येतं. एसक्यूलॅबचं १६ अंशांचं कार्बन हँडलही आहे, पण त्याला वळलेलं म्हणणं औदार्याचं होईल. सर्लीचं मोलोको ३४ अंशांचं आहे खरं, पण ते पोलादी.

काहीही घेतलंत तरी स्टेमची लांबी आधी ठरवा. हात मागे आले की पोहोच कमी होते. छोटं स्टेम तसंच ठेवलं तर वळताना गुडघे मुठींना लागतात.

पोलादपक्ष: जोन्स घ्या ना, अडवलंय कोणी? पण ज्यांना हे हँडल खरंच हवं असतं त्यातल्या कितीतरी जणांच्या सायकलींना जुनं क्विल स्टेम (फोर्कच्या नळीत आत बसणारं) असतं. ३१.८साठी अडॅप्टर आणि नवं स्टेम आलं, म्हणजे वाचलेले ग्रॅम तिथेच गेले. त्यांना साधं क्रोमोली (मिश्र पोलादाचं) हँडलच बरं. ते किंचित लवतं, आणि खडबडीत रस्त्यावर तो लवचीकपणा हवासा वाटतो.

रुंदचाक: जुन्या सायकलींसाठी २५.४ राहू द्या, काढा कुठे म्हणतोय? नव्या सायकलवाल्यांना पर्याय हवा. आणि जो कोणी बनवेल त्याने वाकानंतरचा सरळ भाग लांब ठेवावा. जुन्या नमुन्यांत मूठ, ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर एकापुढे एक बसता बसत नाहीत. निदान २०० मिमी सरळ नळी हवी. त्यापायी ५० ग्रॅम वाढले तरी माझी हरकत नाही.