क्राफ्टवेर्क ऐकण्याची सुरुवात कोठून करावी?

निशाचर:
इलेक्ट्रॉनिक संगीताची चर्चा सुरू झाली की जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या गटाचे नाव हमखास निघते. त्यांच्या ‘आउटोबान’ या अल्बमचे (१९७४) बावीस मिनिटांहून लांब शीर्षकगीत ऐकले आणि ते आवडलेही, मात्र नंतरच्या संगीतावरील ज्या प्रभावाविषयी एवढे बोलले जाते, तो मला त्यात सापडला नाही. जाणकारांनी पुढचा अल्बम सुचवावा. मला जर्मन येत नाही.

तालवेडा:
‘आउटोबान’मध्ये सिंथेसायझरच्या जोडीला बासरी आणि गिटार अजून शिल्लक आहेत, त्यामुळे आपली अडचण समजण्यासारखी आहे. आपण ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ (१९७७) घ्यावा आणि त्याचे शीर्षकगीत पुढच्या ‘मेटल ऑन मेटल’सह सलग ऐकावे, कारण रेल्वेच्या चाकांचा ठेका तेथे गाण्याची साथ न राहता स्वतःच गाणे होतो. १९८२ मध्ये न्यूयॉर्कचा हिप-हॉप कलाकार आफ्रिका बंबाटा आणि निर्माता आर्थर बेकर यांनी ‘प्लॅनेट रॉक’ हे गाणे केले, तेव्हा याच शीर्षकगीताची धून त्यांनी मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा न उचलता नव्याने वाजवून घेतली. हिप-हॉपला यंत्राचा ठेका मिळाला तो बऱ्याच अंशी ‘प्लॅनेट रॉक’मुळे. भाषेची चिंता नसावी, कारण या अल्बमची इंग्रजी आवृत्तीही आहे. (मला स्वतःला जर्मनच आवडते, त्यातले तुटक शब्द तालवाद्यासारखे वाजतात.)

मंद्रसप्तक:
अल्बम उत्तमच आहे, पण प्रभावच शोधायचा असेल तर मी ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ (१९८१) आधी सुचवीन. ‘प्लॅनेट रॉक’चा ठेका त्यातल्या ‘नंबर्स’वरून आला आहे, आणि त्या गाण्यात निरनिराळ्या भाषांतले आकडे मोजण्यापलीकडे शब्दच नाहीत. अमेरिकेतील डेट्रॉइटचा ‘इलेक्ट्रिफायिंग मोजो’ हा रेडिओ निवेदक या गटाची गाणी आवर्जून लावत असे; ती ऐकणाऱ्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तरुणांनी पुढे टेक्नो हा यांत्रिक ठेक्याच्या नृत्यसंगीताचा प्रकार घडवला. सगळा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आहे आणि त्यात भरतीचे एकही गाणे नाही, हे ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’बद्दल मला म्हणता येणार नाही.

निशाचर:
दोघांचेही आभार. क्राफ्टवेर्कच्या ‘द मिक्स’ या अल्बममध्ये निवडक गाणी एकत्र मिळतात, त्यापासून सुरुवात केली तर चालेल का?

तालवेडा:
माझ्या मते नाही. ती गाणी १९९१ मध्ये डिजिटल यंत्रांवर नव्याने घडवलेली आहेत, म्हणजे ज्या ध्वनीने न्यूयॉर्क आणि डेट्रॉइटला वेड लावले तो त्यांत ऐकू येत नाही. मंद्रसप्तक यांचा क्रम मला मान्य आहे.