गरोदरपणात रात्री तळहात-तळपायांना खाज, माहेरी आधीही झालेली, काय तपासावं?

चाफेकळी:
वहिनीला ३१ वा आठवडा चालू आहे, जुळी आहेत, वजन ६० किलो. आठ दिवस तळहात-तळपाय खाजतात, रात्री फारच. पुरळ नाही. यकृताच्या रक्ततपासणीत (एलएफटी) एसजीपीटी हे एन्झाइम ३८, बिलिरुबिन नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. तिच्या आईला दोन्ही बाळंतपणांत अशीच खाज होती आणि सख्ख्या बहिणीला गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर. प्रोजेस्टेरॉन चालू आहे. घरातले म्हणतात, उष्णता आहे. खरंच तेवढंच असेल का?

निशिगंध:
उष्णता म्हणून सोडू नका. पोट ताणल्याची खाज पोटावर येते, तळव्यांना नाही. हे चित्र आयसीपीचं, म्हणजे गरोदरपणात यकृतात पित्त तुंबण्याचं आहे. उद्याच गायनॅकना फोन करा आणि सीरम बाईल अ‍ॅसिडची (रक्तातल्या पित्ताम्लांची) तपासणी मागा. एलएफटीत ती नसते, वेगळी लिहून घ्यावी लागते. छोट्या लॅबमधून नमुना बाहेर जातो, रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून थांबू नका. उपाशीपोटीच रक्त द्यायला हवं असंही नाही. उलट जेवणानंतरचा आकडा जास्त येतो आणि तोच कामाचा.

अल्कलाइन फॉस्फटेज वारेतूनही येतं, त्यावरून काही ठरत नाही. एसजीपीटी ३८ मात्र दुर्लक्षू नका. रिपोर्टवर छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते, गरोदरपणात ती साधारण ३०-३२ धरतात. पहिला रिपोर्ट ठीक आला आणि खाज राहिली तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करा. खाज आधी येते, रक्तात नंतर दिसतं.

पाथेय:
माहेरच्या इतिहासाचा थेट संबंध आहे. पित्त पेशीतून बाहेर ढकलणारे पंप एबीसीबी११, एबीसीबी४ अशा जनुकांवरून बनतात. एक प्रत सदोष असली तरी एरवी निभावतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढतं. त्याचा एक घटक दुसऱ्या पंपातून पित्तनलिकेत उतरतो आणि तिथून बाईल अ‍ॅसिडच्या मुख्य पंपालाच अडवतो. प्रोजेस्टेरॉनचे सल्फेटही पित्त बाहेर पडण्यात अडथळा आणतात. जुळ्यांत हार्मोन्स आणखी जास्त, म्हणून धोकाही जास्त. बहिणीला गोळ्यांवर खाज सुटली तीही याच कमकुवतपणाची खूण आहे. डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाहेरून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनची गरज अजून आहे का, हेही विचारा, पण स्वतःहून बंद करू नका.

निशिगंध:
बाळाचा धोका बाईल अ‍ॅसिडच्या आकड्यावर ठरतो. २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात, एकच बाळ असलेल्या गरोदरपणात, ४० मायक्रोमोलच्या आत मृतजन्म ०.१३ टक्के, म्हणजे एरवीइतकेच. १०० किंवा वर मात्र ३.४४ टक्के. म्हणून १०० च्या वर ३५-३६ आठवड्यांच्या सुमारास प्रसूतीचा विचार करतात, ४० ते ९९ मध्ये ३८-३९. जुळ्यांत धोका जास्त, त्यामुळे तारीख त्याहून आधी ठरू शकते. आकडा एकदा बघून चालत नाही, तो चढतो. एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, अचानक होणारी घटना त्यात आधी दिसत नाही. हालचाल कमी वाटली तर त्याच वेळी दवाखान्यात जा.

उर्सो हे पित्त वाहतं करणारं औषध साधारण १०-१५ मिग्रॅ प्रतिकिलो देतात, ६० किलोला रोज ६०० ते ९०० मिग्रॅ, म्हणजे ३०० ची गोळी दोन-तीनदा. खाज थोडी कमी होते, पण बाळाचं संरक्षण करते असं मोठ्या चाचणीत सिद्ध झालं नाही. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून तपासण्या चुकवू नका. मेन्थॉलचं क्रीम लावायला हरकत नाही. शौच फिकट, चिकट होत असेल तर व्हिटॅमिन के लागू शकतं.

चाफेकळी:
कावीळ नाही म्हणजे धोका कमी, असं समजावं का?

पाथेय:
नाही. आयसीपीत बहुतेकींना कावीळ होतच नाही. उलट डोळे पिवळे झाले, ताप आला, तर हिपॅटायटिस ई आधी तपासतात. शेवटच्या तिमाहीत तो जिवावर बेततो. वारंवार उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, ग्लानी, साखर उतरणं, हे मात्र यकृतात अचानक चरबी साठण्याचं लक्षण असू शकतं. त्यात त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथेही आनुवंशिक दुवा असतो: काही बाळांत एलसीएचएडी या एन्झाइमच्या दोन्ही प्रती सदोष असतात आणि आई एका प्रतीची वाहक असते. म्हणून अशा बाळाची जन्मतःच तपासणी करतात.

बाळंतपणानंतर खाज काही दिवसांत जाते. सहा आठवड्यांनी एलएफटी पुन्हा करा. तेव्हाही वाढलेलं असेल तर आयसीपीवर खापर न फोडता यकृततज्ज्ञांना दाखवा, एबीसीबी४ चीही चाचणी तेव्हाच विचारा. पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असते. पाळणा लांबवायला तांबी बरी, हार्मोनचा प्रश्नच येत नाही. आणि बहिणीने इस्ट्रोजेनच्या गोळ्या पुन्हा घेऊ नयेत.