उ: सोडियमची समीकरणं जुळत नाहीत

वरती कुणीतरी लिहिलंय की बेकिंग सोडा (NaHCO₃) तापवायच्या समीकरणात सोडियम दोन्हीकडं जुळेना म्हणून वॉशिंग सोड्याच्या (Na₂CO₃) सूत्रातला सोडियमखालचा २ च काढून टाकला. अहो असं नाही करायचं की, सूत्र बदललं म्हणजे पदार्थच बदलला, तसला पदार्थ सोलापुरात काय कुठंच मिळणार नाही 😀 आकडा फक्त सूत्राच्या आधी, डाव्या बाजूला टाकायचा. डावीकडं बेकिंग सोड्याचे २ रेणू घ्या, उजवीकडं वॉशिंग सोडा, पाणी (H₂O) आणि कार्बन डायऑक्साईड (CO₂) एकेक. आता मोजा, सोडियम २, हायड्रोजन २, कार्बन २, ऑक्सिजन ६, दोन्हीकडं सेम. खात्री करायची तर वजनानं बघा, १६८ ग्रॅम बेकिंग सोड्यातून १०६ ग्रॅम वॉशिंग सोडा, १८ ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम गॅस, बेरीज बरोब्बर १६८.

वॉशिंग सोडा म्हणजे आपल्याकडं चादरी-टॉवेलचं सूत रंगवताना रंग पक्का करायला वापरतात तो सोडा. त्याच्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं तर ॲसिडचे २ रेणू लागतात कारण आत सोडियम २ आहेत, मीठ पण २ येतं. बेकिंग सोड्याला मात्र एकच पुरतो, तिथं सगळे आकडे १ च.

सोडियम आणि पाण्याच्या समीकरणात पोरं हायड्रोजनवर अडकतात, उजवीकडं कॉस्टिक सोडा (NaOH) आणि हायड्रोजन वायू (H₂) मिळून ३ होतात ना. तिथं सोडियम, पाणी, कॉस्टिक सोडा तिन्ही डबल करा, हायड्रोजन वायू एकच ठेवा.

माझी सवय सांगतो, ऑक्सिजन कायम शेवटी मोजायचा.