मदत हवी आहे : सापाच्या नाकातून फेस येतोय, बेडिंग बदलल्यापासून

रेवाची_आई
कृपया लवकर सांगा. चार दिवस झाले, आमच्या सापाच्या नाकपुड्यांशी बुडबुडे येतायत. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री सामसूम झाली की शेजारच्या खोलीत ऐकू येतो. पेटीत खाली अंथरतो ते बेडिंग बदलल्यावरच सुरू झालं. दोनदा सगळं काढून त्याच पोत्यातलं ताजं घातलं, तरी तसंच. मंगळवारी उंदीरही घेतला नाही. घरी काय करता येईल? लेक रडून रडून बेजार झालीय.

पाणवठा
कुठल्या जातीचा साप? बेडिंग कसलं? पेटीच्या गरम बाजूला तापमान किती, थंड बाजूला किती? तोंड उघडून श्वास घेतो का? हे कळल्याशिवाय कोणीच नीट सांगू शकणार नाही.

डोंगरवाट
ताई, आधी साप घरात कसा आला ते सांगा. नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी जातीचा असेल तरी २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. केली आहे का?

खवलेकर
कात टाकायला आली असेल. डोळे दुधाळ दिसतायत का? कातीचा तुकडा नाकपुडीत अडकला की अशीच शिट्टी वाजते. माझ्याकडे दोनदा झालंय, कात पडली की थांबलं. घाबरू नका.

रेवाची_आई
आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. बॉल पायथन आहे, तीन वर्षांची, रेशीम नाव. दुकानातून घेतलेली. कात मागच्याच महिन्यात अखंड निघाली, डोळे स्वच्छ आहेत. बेडिंग म्हणजे लाकडाचा भुसा. नेहमीचं नारळाच्या सोडणाचं संपलं आणि बर्फामुळे पार्सल येईना, म्हणून जवळच्या दुकानातून पोतं आणलं. चांगल्या प्रतीचं आहे, वासही छान येतो.

पाणवठा
वास येतो म्हणताय, त्याचीच मला काळजी वाटते. पोत्यावर कुठलं लाकूड लिहिलंय? ॲस्पेन, पाइन की सीडर? आणि तापमान अजून सांगितलं नाहीत.

गोडबोली
आमच्या मांजराला सर्दी झाली की मी बाथरूम बंद करून गरम पाण्यात निलगिरीचे दोन थेंब टाकते. दहा मिनिटांत नाक मोकळं. सापालाही चालावं.

पाणवठा
नको! निलगिरी, कापूर, विक्स, धूप, यातलं काहीही त्या खोलीत नको. मांजरालाही निलगिरी विषारी असते, कृपया थांबवा.

रेवाची_आई
पोत्यावर सीडर लिहिलंय. शेजारी हॅमस्टरचं चित्र आहे.

सुतारपक्षी
मी सापांतला नाही, लाकडातला आहे. वेस्टर्न रेड सीडर कापताना मास्क घातल्याशिवाय मी रंध्याला हात लावत नाही. त्यात प्लिकॅटिक आम्ल असतं, त्याच्या धुळीने गिरणीतल्या कामगारांना दमा जडतो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सीडरच्या तेलाच्या वासाने कसर लागत नाही म्हणून लोक त्याच्या कपड्यांच्या पेट्या करतात. जो वास किड्यांना पळवतो तो बंद काचेच्या पेटीत चोवीस तास घेणाऱ्या जिवाचं काय होत असेल? आत्ताच्या आत्ता काढा.

खवलेकर
सीडर वाईटच, मान्य. पण म्हणून पाइनला त्याच्याबरोबर बदनाम करू नका. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधलं बरंचसं तेल उडून जातं. माझा हॉगनोज साप सहा वर्षं त्यावर आहे, एकदा शिंकला नाही.

पाणवठा
साप खोकू शकत नाही हो, म्हणून तर उशिरा कळतं. त्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला स्नायूंचा पडदा (श्वासपटल) नसतो. फुप्फुसात साचलेला चिकट स्राव जोर लावून बाहेर काढता येत नाही, तो तिथेच राहतो आणि त्यात जंतू वाढतात. "माझ्याकडे काही झालं नाही" यावर दुसऱ्याच्या आजारी सापाचं ठरवू नका. माझी कॉर्न स्नेक ॲस्पेनवर होती, कोरडं असतं तोवर ते उत्तम. पाण्याचं भांडं सांडलं, खाली बुरशी धरली, मला कळलं नाही. आवाज ऐकूनही मी दोन आठवडे "बघू" म्हणत राहिले. ती गेली. त्यामुळे घाई करतेय, राग मानू नका.

खवलेकर
वाईट वाटलं वाचून. माझा मुद्दा पाइनपुरता होता.

अंगणवेल
गरम दूध-हळद देऊन बघा, साप दूध पितात.

डोंगरवाट
अजिबात नाही. नागपंचमीला गारुडी नागांना दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवत, म्हणून ते समोर येईल ते पीत. दूध सापाला पचत नाही. फुप्फुसात गेलं तर संपलंच. ताई, मघाशी तुमचा ठिकाणा न विचारताच कायदा सांगत बसलो, माफ करा.

रेवाची_आई
काचेवर चिकटवलेला गोल काटा ८२ फॅरनहाइट दाखवतो. हीटर सुरू असल्याने घरातली हवा कोरडी, आर्द्रता तिशीत. म्हणून रेवा सकाळ-संध्याकाळ फवारा मारते. आत्ता भुसा उकरला तर खालचा थर ओला आणि काळपट आहे. आणि हो, आज दुपारी ती डोकं वर करून, तोंड थोडं उघडून बसली होती.

पाणवठा
म्हणजे तीन गोष्टी एकदम झाल्यात : सीडरचं तेल, ओल्या भुशातली बुरशी आणि कमी ऊब. काचेवरचा काटा विश्वासाचा नाही, वायरीचा प्रोब असलेला डिजिटल घ्या. गरम बाजू ८८ ते ९२, थंड बाजू ७६ ते ८०, आणि आजारपणात रात्रीही उतरू देऊ नका. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर भाजेल. भुसा सगळा काढून पेटी गरम पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा, आणि साधे पेपर टॉवेल अंथरा. त्यावर स्रावाचे डागही दिसतात. आर्द्रता साठीच्या आसपास पाहिजे, ती मोठ्या पाण्याच्या भांड्याने आणि झाकणाची जाळी अर्धी झाकून वाढवा, फवाऱ्याने नको. हाताळणं बंद, बळेच भरवणं बंद.

पण तोंड उघडतेय, तर हे सगळं डॉक्टरकडे जाईपर्यंतचं आहे. कुत्र्या-मांजरांचा नको, सरपटणाऱ्यांचा बघा. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्सच्या साइटवर गावानुसार शोधता येतं. नेताना उशीच्या अभ्र्यात घालून, थर्मोकोलच्या खोक्यात, बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. बाहेर बर्फ आहे. आणि नायडोव्हायरस या विषाणूची तपासणी होते का ते विचारा, बॉल पायथनमध्ये तो आढळतो, लक्षणं अशीच असतात.

गोडबोली
निलगिरीचं आजपासून बंद केलं. मांजराला काय द्यायचं मग?

पाणवठा
नुसती वाफ, आणि तीही डॉक्टरांना विचारून. वेगळा धागा काढा ना.

रेवाची_आई
काल नेलं. सव्वा तास गाडी चालवली, खोकं रेवाच्या मांडीवर. तोंडात चिकट स्राव होता, त्याचा नमुना घेतला. नायडोचाही पाठवलाय, निकाल यायचाय. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिलीत, दर ७२ तासांनी, शरीराच्या पुढच्या भागात द्यायची. एक त्यांनी देऊन दाखवलं. डॉक्टरही सीडर ऐकताच म्हणाले की ते आधी फेका. पोतं फेकलं.

पेटी आता गरम बाजूला ९० वर आहे. शिट्टी अजून येते, पण रात्रभर तोंड मिटलेलं होतं. रेवा तिथेच जमिनीवर गादी टाकून झोपली. पुढचं इंजेक्शन शुक्रवारी, ते मी द्यायचंय. कोणी घरी दिलं असेल तर साप कसा धरायचा ते सांगा, नवऱ्याला रक्त बघवत नाही आणि रेवा दहा वर्षांची आहे.